लेखक हाच प्रकाशक

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या गावांत साहित्याची हवा जुनी आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ साली स्थापन झाले, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०१० साली ठाण्यात भरले आणि २०१७ साली डोंबिवलीत. जेथे वाचण्याची परंपरा दीडशे वर्षांची, तेथे लिहिण्याची हौसही घरोघर असावयाचीच. कोणी रेल्वेतील नोकरीच्या आठवणी लिहून ठेवलेल्या असतात, कोणी आजीच्या तोंडच्या ओव्या उतरून घेतलेल्या असतात, तर कोणी वडिलांचे चरित्र निवृत्तीनंतरच्या चार-पाच वर्षांत खपून पुरे केलेले असते. वह्या भरतात, कपाटात जातात आणि बहुधा तेथेच राहतात.

याचे कारण उघड आहे. पुस्तक छापावयाचे तर प्रकाशक पाहिजे, आणि अप्रसिद्ध लेखकाच्या पुस्तकात पैसा घालण्यास प्रकाशक सहसा धजत नाही. "खर्च आपण सोसत असाल तर पाहू," असे उत्तर पुष्कळांना मिळालेले असते. काही जण भविष्यनिर्वाह निधीतील रक्कम मोडून तो खर्च सोसतातही. मग घरी गठ्ठे येतात, आप्तेष्टांना प्रती वाटल्या जातात, आणि उरलेल्या प्रती माळ्यावर चढतात. पुढे घराची डागडुजी निघाली म्हणजे त्या गठ्ठ्यांचे काय करावे, हा प्रश्न मुलांपुढे पडतो.

अशा लेखकास आज दुसरी एक वाट मोकळी झाली आहे. इंटरनेटवरील पुस्तकांच्या दुकानात आपले पुस्तक ई-पुस्तकाच्या रूपाने आपणच प्रसिद्ध करावयाचे. कागद लागत नाही, गठ्ठे बांधावे लागत नाहीत, आणि दुकानदार प्रवेशशुल्कही मागत नाही. ही वाट खरी आहे. परंतु ती जितकी सोपी सांगितली जाते तितकी सोपी नाही. प्रकाशकाची जागा या व्यवहारातून नाहीशी झाली, तरी प्रकाशकाची कामे नाहीशी झालेली नाहीत. ती सारी लेखकाच्या शिरावर आली आहेत. ही एक गोष्ट ध्यानात धरली, तर पुढील सर्व सूचनांचा अर्थ आपोआप उलगडतो.

लेखकानेच सारे करावे, ही कल्पना मराठीत नवीन नव्हे. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग छापले, तेव्हा छापण्याची साधने त्यांनी स्वतः खटपट करून सिद्ध केली होती. शाईत चरबी असते म्हणून सोवळे लोक छापील पोथीस शिवत नसत. तेव्हा त्यांनी तुपाची शाई केली, असे सांगतात. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी ज्ञानकोशासाठी लिमिटेड मंडळी काढली, भाग विकले आणि वर्गणीदार मिळविण्यासाठी गावोगाव हिंडून तो प्रचंड ग्रंथ तडीस नेला. ज्ञान स्वतःचे आणि जोखीमही स्वतःची, हा त्या पिढ्यांचा बाणा होता. आज साधने बदलली आहेत, जोखमीचे रूपही बदलले आहे. परंतु बाण्याची गरज मात्र तशीच आहे.

ई-पुस्तक म्हणजे काय, हे प्रथम नीट समजून घेतले पाहिजे. अमेरिकेत मायकेल हार्ट यांनी १९७१ साली तेथील स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकावर उतरविला आणि प्रोजेक्ट गुटेनबर्ग या उपक्रमाचा पाया घातला, तेथपासून ई-पुस्तकाचा इतिहास मोजतात. २००७ साली अ‍ॅमेझॉन कंपनीने किंडल हे वाचनयंत्र काढले, आणि लेखकांना परस्पर पुस्तक घालता यावे अशी सोयही त्याच वेळी केली. भारतात किंडलचे दुकान २०१२ साली उघडले, आणि मराठीसह पाच भारतीय भाषांतील पुस्तके तेथे डिसेंबर २०१६ पासून मिळू लागली. वाचकाजवळ वाचनयंत्र असलेच पाहिजे असे नाही. खिशातील फोनवरही तीच पुस्तके उघडतात. सकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये छापील पुस्तक उघडण्यास जेथे कोपर हलविता येत नाही, तेथेही फोनवरील पान उलटते, ही सोय कल्याण-डोंबिवलीच्या प्रवाशास निराळी सांगावयास नको.

ई-पुस्तकाचे दोन प्रकार प्रामुख्याने आढळतात. पहिला प्रकार पीडीएफ. यात पान जसे बांधले तसेच राहते. जणू छापील पानाचे छायाचित्रच. लहान पडद्यावर ते पान वाचावयाचे म्हणजे अक्षरे ताणून मोठी करावी लागतात आणि ओळ इकडून तिकडे सरकवावी लागते. दुसरा प्रकार ईपब व त्याच्या जातीच्या फायलींचा. यात मजकूर पाण्यासारखा असतो. ज्या भांड्यात ओतावा त्याचा आकार घेतो. वृद्ध वाचकाने अक्षर मोठे केले तर ओळी आपोआप नव्याने जुळतात. दुकानात विकावयाच्या कादंबरीस, चरित्रास वा निबंधसंग्रहास हा दुसरा प्रकारच योग्य. कवितेच्या बाबतीत मात्र सावध राहावे. अक्षर मोठे होताच चरण मध्येच मोडतो. म्हणून कवितासंग्रह निरनिराळ्या आकारांच्या पडद्यांवर स्वतः पाहिल्याखेरीज बाहेर सोडू नये.

येथेच मराठी लेखकाच्या मार्गातील पहिला धोंडा आडवा येतो. गेल्या पिढीत संगणकावर जे मराठी टंकलेखन झाले, ते बहुतांशी ज्या त्या कंपनीच्या खास टंकांत झाले. त्या पद्धतीत पडद्यावर 'क' दिसला तरी यंत्राच्या पोटी तो एखादे रोमन अक्षर म्हणूनच साठविलेला असतो. तो मजकूर दुसऱ्या यंत्रावर नेला की अगम्य चिन्हांची रांग दिसू लागते. यावर उपाय युनिकोड. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षरास स्वतःचा क्रमांक आहे, आणि तो जगातील सर्व यंत्रांस सारखाच कळतो. ई-पुस्तकाचा मजकूर युनिकोडमध्येच पाहिजे. जुन्या टंकांतील मजकूर पालटून देणारी साधने आहेत; तथापि त्यांच्यावर विसंबून राहू नये. पालटताना जोडाक्षरे फुटतात, पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते, आणि 'वऱ्हाड', 'तऱ्हा', 'सुऱ्या' यांतील अर्धा र बिघडतो. सबंध पुस्तक पुन्हा एकदा शब्दशः वाचून काढणे, हाच एक खात्रीचा मार्ग.

मुद्रितशोधन हे प्रकाशकाचे पहिले काम लेखकाकडे आले, ते असे. स्वतःच्या चुका स्वतःस दिसत नाहीत, हा सार्वत्रिक अनुभव आहे. कारण लेखक कागदावरील शब्द वाचीत नाही, मनातील शब्द वाचतो. तेव्हा ज्यास शुद्धलेखनाचे ज्ञान आहे आणि स्पष्ट बोलण्याचा संकोच नाही, अशा माणसाकडून पुस्तक तपासून घ्यावे, आणि त्याच्या श्रमांचा मोबदला द्यावा. या साऱ्या उद्योगात कोठे पैसा खर्च करावयाचाच असेल तर तो येथे करावा. शक्य असेल तर संपादनही करून घ्यावे. रेल्वेच्या आठवणींच्या तीनशे पानांतील शंभर पाने बदल्या आणि बढत्या यांच्याच असतील, तर ती काढून टाका असे सांगणारा कोणीतरी पाहिजे. पूर्वी ते अप्रिय काम प्रकाशक करीत असे.

मजकूर सिद्ध झाल्यावर दुकानाचे दार ठोठवावयाचे. किंडल डायरेक्ट पब्लिशिंग या नावाने अ‍ॅमेझॉनने लेखकांसाठी जी सोय ठेवली आहे, तिचा क्रम उदाहरणादाखल पाहू. अन्य दुकानांचा क्रम थोड्याफार फरकाने असाच असतो. प्रथम खाते उघडून नाव, पत्ता, बँकेचा खातेक्रमांक व करविषयक माहिती भरावयाची. अमेरिकेत झालेल्या विक्रीच्या मानधनावर तेथील सरकार एरवी ३० टक्के कर कापते. परंतु भारत-अमेरिका करारामुळे पॅन क्रमांक देणाऱ्या भारतीय लेखकास तो १५ टक्केच पडतो. परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांतील वाचक लक्षात घेता ही बाब क्षुल्लक नाही. त्यानंतर पुस्तकाचे नाव, भाषा, वर्णन आणि वर्ग ही माहिती द्यावयाची, मजकुराची व मुखपृष्ठाची फाइल चढवावयाची, आणि शेवटी किंमत ठरवावयाची. तपासणी होऊन बहुधा दोन-तीन दिवसांत पुस्तक दुकानात दिसू लागते. ई-पुस्तकास आयएसबीएन क्रमांक असलाच पाहिजे असा या दुकानाचा आग्रह नाही. दुकान स्वतःचा क्रमांक देते. ज्यास आयएसबीएन हवा असेल, त्यास तो नवी दिल्लीच्या राजा राममोहन राय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून विनामूल्य मिळतो. तो क्रमांक पैसे घेऊन 'मिळवून देणारे' मध्यस्थ भेटतात. त्यांची गरज नाही.

मुखपृष्ठ आणि वर्णन यांजकडे नवा लेखक फारसे लक्ष देत नाही. दुकानाच्या यादीत मुखपृष्ठ पोस्टाच्या तिकिटाएवढे दिसते. त्या आकारात नाव वाचता आले नाही तर चित्र कितीही सुंदर असो, ते व्यर्थ होय. दुसरे असे की, ग्राहकास पुस्तकाचा आरंभीचा सुमारे दहावा भाग फुकट चाळावयास मिळतो. मराठी पुस्तकाच्या आरंभी अर्पणपत्रिका, मान्यवरांची प्रस्तावना, लेखकाचे मनोगत आणि लांबलचक ऋणनिर्देश अशी पालखी निघण्याची रीत आहे. ग्राहकाची दहा टक्के पाने या पालखीतच संपली, तर खरे पुस्तक त्याच्या दृष्टीस पडतच नाही. ऋणनिर्देश अखेरीस नेला तर ऋण कमी होत नाही.

आता पैशाचा विचार. छापील पुस्तकात लेखकास किमतीच्या दहा-पंधरा टक्के मानधन मिळण्याची रीत आहे. या दुकानात दोन दर आहेत, ३५ टक्के आणि ७० टक्के. आकडे ऐकून हुरळून जाण्यापूर्वी अटी वाचाव्यात. भारतातील विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर पुस्तक 'सिलेक्ट' या योजनेत घालावे लागते, किंमत ठरावीक मर्यादेत ठेवावी लागते, आणि फाइलच्या वजनानुसार पोहोचविण्याचा खर्च वजा होतो. छायाचित्रांनी जड झालेल्या पुस्तकास हा खर्च विशेष जाणवतो. 'सिलेक्ट' योजनेचा अर्थ असा की, नव्वद दिवस ते ई-पुस्तक अन्यत्र कोठेही विकावयाचे नाही, फुकटही द्यावयाचे नाही. आणि मुदत संपताच नको म्हणून कळविले नाही, तर ती आपोआप वाढते. मानधन हाती येण्यास विक्रीचा महिना संपल्यावर सुमारे साठ दिवस लागतात. शिवाय ग्राहकास कर पडतो तो वेगळाच. छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही. ई-पुस्तकाचा दर २०१८ साली ५ टक्के झाला, तोही ज्याची छापील आवृत्ती आहे अशाच पुस्तकापुरता. छापील आवृत्ती नसलेले ई-पुस्तक १८ टक्क्यांतच राहिले. म्हणजे ज्याच्यापाशी छपाईस पैसा नाही, त्याच्याच पुस्तकावर कराचा भार अधिक, असा हा विचित्र न्याय आहे.

दुकान एकच आहे असेही नाही. पुण्याच्या बुकगंगावर मराठी छापील पुस्तके आणि ई-पुस्तके शेजारी शेजारी मिळतात. बंगळूरच्या प्रतिलिपीवर, जे २०१४ साली सुरू झाले, लेखक कथा-कादंबऱ्या प्रकरणशः लिहितात आणि वाचक तेथेच अभिप्राय देतात. आणि ज्याची इच्छा पैशाची नसून वाचकांची आहे, त्याने दूर पाहण्याचे कारण नाही. खुद्द ठाण्यातील ई-साहित्य प्रतिष्ठान एक तपाहून अधिक काळ मराठी लेखकांची ई-पुस्तके सिद्ध करून वाचकांस विनामूल्य देत आले आहे. नवोदितांची पुस्तके, किल्ल्यांवरची पुस्तके, संतवाङ्मय, बालवाङ्मय असे नानाविध साहित्य त्यांनी वाटले. पुस्तकाचे मोल म्हणून वाचकाने लेखकास आपला अभिप्राय कळवावा, एवढीच त्यांची मागणी असते. ज्या लेखकाचे पुस्तक घराबाहेर कोणी वाचले नव्हते, त्यास अनोळखी वाचकाचा एक फोन येणे ही केवढी कमाई आहे, हे ज्याने लिहिले आहे त्यासच कळेल.

मात्र हे दोन मार्ग एकाच वेळी चालता येत नाहीत. विनामूल्य वाटलेले पुस्तक वर सांगितलेल्या 'सिलेक्ट' योजनेच्या अटीत बसत नाही. आणि एकदा हजारो फोनांत पोहोचलेली पीडीएफ परत बोलावता येत नाही. म्हणून पैसा की प्रसार, हा निर्णय पुस्तक बाहेर सोडण्यापूर्वी घ्यावा. ललित लेखनातील नव्या माणसाने एखादे पुस्तक प्रसारासाठी द्यावे आणि पुढचे विकावे, हा मध्यम मार्ग पुष्कळांस मानवेल.

यापुढचा प्रश्न हक्काचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिताक्षणीच हक्क लेखकाचा होतो. नोंदणी केली नाही म्हणून तो बुडत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर पुढील वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षे तो वारसांकडे राहतो. साने गुरुजी १९५० साली निवर्तले. त्यांचे साहित्य २०११ च्या आरंभी सर्वांस मोकळे झाले. परंतु १९८० साली वारलेल्या वडिलांची कादंबरी मुलगा ई-पुस्तक म्हणून काढू पाहील, तर त्यास भावंडांची संमती पाहिजे, आणि मूळ प्रकाशकाशी झालेला करारही पाहिला पाहिजे. कायदा येथे लेखकाच्या बाजूचा आहे. हक्क दिल्याची मुदत करारात लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षे समजतात. तसेच २०१२ च्या दुरुस्तीने असे ठरविले की, कराराच्या वेळी जे माध्यम अस्तित्वात वा व्यापारी वापरात नव्हते त्याचा हक्क, करारात त्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख असल्याखेरीज, दिला गेला असे मानावयाचे नाही. जुन्या करारास ही दुरुस्ती कितपत लागू करता येईल, हे वकिलास विचारूनच ठरवावे. याच्या उलट बाजूही आहे. वर्तमानपत्रातील छायाचित्र, चित्रपटगीताच्या ओळी, इंग्रजी पुस्तकाचे परस्पर केलेले भाषांतर, यांपैकी काहीही विनापरवानगी घातले, तर जबाबदार प्रकाशक. आणि आता प्रकाशक म्हणजे लेखक स्वतः.

पुस्तक दुकानात लागले म्हणजे काम संपले, हा आणखी एक गोड भ्रम. लाखो पुस्तकांच्या त्या दुकानात नवे पुस्तक म्हणजे समुद्रात सोडलेला पणतीचा द्रोण. त्याच्याकडे लोकांचे लक्ष वेधणे हेही प्रकाशकाचेच काम होते. आप्तांनी पाच-पाच तारे देऊन केलेली स्तुती दुकानाच्या नियमांत बसत नाही, आणि चाणाक्ष ग्राहक तिला भुलतही नाही. त्यापेक्षा स्थानिक वाचकमंडळे, ज्येष्ठ नागरिक संघ, व्याख्यानमाला, दिवाळी अंक यांच्या द्वारा पुस्तकाचा विषय लोकांपुढे आणावा. रेल्वेच्या आठवणींचे पुस्तक रेल्वेतील निवृत्तांच्या मेळाव्यात जितके पोहोचेल, तितके कोणत्याही जाहिरातीने पोहोचणार नाही.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तीच बहुधा कोणी सांगत नाही. ई-पुस्तक विकत घेणारा पुस्तक घेत नाही. तो वाचण्याची परवानगी घेतो. २००९ साली जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्यांच्या, हक्क नसताना विकल्या गेलेल्या प्रती अ‍ॅमेझॉनने ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतल्या. पैसे परत मिळाले, पुढे कंपनीच्या प्रमुखांनी क्षमाही मागितली. परंतु वाचकाच्या कपाटात दुकानदाराचा हात पोहोचतो, हे जगास कळले. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा पैसे परत करून पुस्तके मिटवून टाकण्यात आली. दुकाने व्यापारासाठी असतात, जतनासाठी नसतात. छापील पुस्तकांबाबत १९५४ चा कायदा असा आहे की, प्रकाशकाने प्रती कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबईची एशियाटिक सोसायटी यांसारख्या ग्रंथालयांत द्याव्यात. ई-पुस्तकास असा कोणी पालक नाही.

तेव्हा लेखकाने पालक स्वतः शोधावा. मूळ फाइल दोन-तीन ठिकाणी ठेवावी, आणि ती कोठे आहे हे मुलांना सांगून ठेवावे; दुकानाच्या खात्याचा वारसही ठरवून ठेवावा. शक्य असेल तर मागणीप्रमाणे छापून देणाऱ्या छापखान्याकडून वीस-पंचवीस प्रती काढाव्यात, आणि एकेक प्रत ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाने व कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयाने स्वीकारावी अशी विनंती करावी. वीस प्रतींस माळा लागत नाही. विजेवर चालणारे पुस्तक आज वाचकापर्यंत जाईल. कागदावरचे पुस्तक नातवापर्यंत जाईल. दोन्ही असावीत.

कपाटातील वही बाहेर काढण्यास आता कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही, ही सामान्य लेखकास मिळालेली मोठीच मोकळीक आहे. ज्या ओव्या एका आजीबरोबर संपल्या असत्या, त्या उद्या सातासमुद्रापलीकडील पणतीही वाचू शकेल. परंतु पूर्वी 'नाही' म्हणणारा प्रकाशक होता, तेव्हा पुस्तक पुन्हा लिहावे लागत असे, आणि पुष्कळदा ते सुधारत असे. आता 'नाही' म्हणणारा कोणी उरला नाही. तो शब्द लेखकाने स्वतःस म्हणावयास शिकले पाहिजे. तो शिकल्यावर मग खुशाल पुस्तक प्रसिद्ध करावे.